अभिमानाने भिंत टिकत नाही

आमच्या घरात एक सनद होती. मराठवाड्यातल्या एका लहान गावच्या मशिदीच्या दिवाबत्तीसाठी दिलेल्या जमिनीची. वरच्या भागात फारसी मजकूर, खालच्या भागात तोच मजकूर मोडी लिपीतल्या मराठीत आणि माथ्यावर गोल शिक्का. दादाजान ती जुन्या मलमलीच्या कापडात गुंडाळून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याच्या पेटीत ठेवत. ईदच्या आधी घराची झाडलोट व्हायची तेव्हा ती वर्षातून एकदा बाहेर निघे, सावलीत तासभर उघडी राही आणि पुन्हा पेटीत जाई.

दादाजान गेल्यावर सनद माझ्याकडे आली. मी तेव्हा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. कापड आणि पाला हे मला अडाण्यांचे उपाय वाटले. मी सनद शहरातल्या एका दुकानात नेली आणि लॅमिनेट करून आणली. अब्बा खूश झाले. म्हणाले, "आता पिढ्यान्‌पिढ्या काळजी नाही."

एक पिढीसुद्धा लागली नाही. पंधरा वर्षांत कागद तपकिरी झाला, कडेने प्लास्टिक सुटले, आत दमट हवा शिरली आणि शिक्क्याच्या शेजारी बुरशीचे ठिपके उमटले. शेवटी ती एका जाणकारांना दाखवली. त्यांनी भिंगाखाली बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "प्लास्टिक काढता येईल, पण अक्षरे त्याच्याबरोबर निघून येतील." ती शाई काजळी आणि डिंकाची होती. अशी शाई कागदात फारशी मुरत नाही, कागदाच्या अंगावर बसून राहते. दुकानातल्या गरम रोलरखाली प्लास्टिकचा चिकट थर वितळून थेट त्या अक्षरांवर बसला होता.

मला खरी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पॉलिमरच्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. कोणते प्लास्टिक किती तापमानाला वितळते, कागदातला सेल्युलोज आम्लाने कसा तुटतो, हे सगळे मी उत्तरपत्रिकेत लिहिले होते. पण त्या ज्ञानाची आणि घरातल्या पेटीची गाठ कोणी घालून दिली नव्हती, आणि मीही घातली नव्हती. आज महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना ती सनद मी वर्गात घेऊन जातो. या अग्रलेखाचा विषय तिथूनच आला: कला आणि वारसा यांच्या जतनाचे विज्ञान आपल्या विद्यापीठांत शिकवले जायला हवे, आणि ते शिकायला आपल्या तरुणांनी पुढे यायला हवे.

माझी चूक एका घरापुरती होती. अशीच चूक जगाला ठाऊक असलेल्या भिंतींवरही झाली आहे, आणि तीही चांगल्या हेतूने. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानाने १९१४ साली पुरातत्त्व खाते सुरू केले. त्याचे पहिले संचालक गुलाम यझदानी. बौद्ध लेण्यांतली चित्रे गळून पडत आहेत हे पाहून संस्थानाने १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. पुढे यझदानींनी अजिंठ्यावर जे मोठे ग्रंथ सिद्ध केले ते आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतात. एका मुस्लिम राज्यकर्त्याच्या खजिन्यातून आणि एका मुस्लिम विद्वानाच्या देखरेखीखाली बुद्धाच्या जातककथा वाचवण्याचे काम झाले, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्या तज्ज्ञांनी सुटलेला गिलावा पुन्हा जागेवर बसवला, बरेच काही वाचवले, आणि रंग पक्के राहावेत म्हणून त्यावर शेलॅकचा, म्हणजे लाखेपासून केलेल्या वार्निशचा थर दिला. त्यांच्याआधी चित्रांच्या प्रती काढणाऱ्यांनीही वार्निश लावले होते. सुरुवातीला चित्रे उजळ दिसली. नंतर तो थर पिवळा पडला, मग काळपट झाला, त्यावर धूळ आणि काजळी चिकटली. तो अलगद उतरवण्यात पुढच्या रसायनतज्ज्ञांची अनेक वर्षे गेली. हातात कापसाचा बोळा, त्यावर द्रावक आणि एका वेळी बोटाएवढी जागा.

म्हणून या विषयाच्या पहिल्या तासाला मी मुलांना तीन प्रश्न लिहून देतो. वस्तू कशाची बनलेली आहे? ती का बिघडते आहे? आपण किती करायचे आणि कुठे थांबायचे? सगळा अभ्यासक्रम या तीन प्रश्नांत मावतो.

पहिला प्रश्न पदार्थविज्ञानाचा आणि रसायनाचा. चित्रातला लाल हिंगुळाचा आहे की गेरूचा, पिवळा हरताळाचा आहे की एखाद्या वनस्पतीचा, हे डोळ्यांनी ठरत नाही. १९२८ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात प्रकाशाच्या विकिरणाचा जो शोध लावला, त्याच्याच आधारे आज जगभरच्या संग्रहालयांत रंगाला हात न लावता तो ओळखला जातो. योगायोग असा की त्याच १९२८ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयाने रदरफर्ड गेटन्स या रसायनतज्ज्ञाला कलावस्तूंच्या अभ्यासासाठी नेमले. विद्यापीठ, प्रयोगशाळा आणि संग्रहालय ही तिन्ही तिथे एका छताखाली आली. आपल्याकडे शोध लागला, पण बी.एस्सी.च्या मुलाला रामन परिणाम अजूनही बहुधा एखाद्या द्रवाच्या आकृतीवरच शिकवला जातो. समोर एखादे जुने पान ठेवले जात नाही.

आपल्या घरांतल्या हस्तलिखितांचे एक उदाहरण घ्या. जुन्या पानांवर वेलबुट्टीत किंवा चौकटीत जो हिरवा रंग असतो तो अनेकदा जंगार, म्हणजे तांब्याच्या गंजाचा असतो. काही दशकांनी त्या हिरव्या रेषेवर कागद जळल्यासारखा होतो आणि चौकटीतला मजकूर खिडकीसारखा सुटून पडतो. तांबे तिथे कागदाचा ऱ्हास वेगाने घडवते. इराणचे जुने चित्रकार जंगारात केशर मिसळत. आजच्या संशोधकांनी हे प्रयोगशाळेत तपासले तेव्हा केशरामुळे कागदाची हानी कमी होते असे दिसले. जुन्या कारागिराला सूत्र माहीत नव्हते, परिणाम माहीत होता. विद्यापीठाचे काम त्या परिणामामागचे कारण शोधायचे.

असे काम आपल्या दारातही झाले आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात गांजाच्या झाडाचे, म्हणजे भांगेच्या जातीचे तंतू आणि पाने मिसळलेली आहेत, असे पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एक माजी रसायनतज्ज्ञ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक यांनी मिळून दाखवले. त्यांचा निबंध २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. यात रसायन आहे, वनस्पतिशास्त्र आहे, इतिहास आहे. अशा कामाला परदेशी जावे लागले नाही.

दुसरा प्रश्न, वस्तू का बिघडते, हा मी वर्गात दोन विटांनी शिकवतो. एका जुन्या विटेच्या खालच्या अर्ध्या भागाला चुन्याचा गिलावा, दुसरीला सिमेंटचा. दोन्ही मिठाच्या पाण्याच्या ताटलीत उभ्या करायच्या. काही आठवड्यांनी चुन्याच्या गिलाव्यावर पांढरी फुली येते. म्हणजे ओल गिलाव्यातून बाहेर पडली, मीठ तिथे साचले. तो गिलावा खराब झाला तर खरवडून नवा देता येतो. सिमेंट मात्र ओल कोंडून धरते. पाणी त्याच्या मागून वर चढते आणि सिमेंट संपते तिथे विटेतून वाट काढते. मिठाचे स्फटिक विटेच्या आत वाढतात आणि विटेचे पापुद्रे निघू लागतात. गिलावा ठणठणीत, वीट गेली.

हा प्रयोग पाहिल्यावर मुले आपापल्या गावच्या मशिदीबद्दल आणि दर्ग्याबद्दल बोलू लागतात. कारण सगळीकडे तेच चालले आहे. ज्या भिंतींनी काही शतके काढली त्यांच्यावर सिमेंट थापले जाते, कोरीव दगडावर हिरवा ऑइल पेंट चढतो, जुन्या मेहराबीला स्नानगृहाच्या टाइल्स लागतात आणि शेजारी देणगीदारांच्या नावांची पाटी. हे कोणी शत्रूने केले नाही. आपणच केले, आदराने केले, चंदा गोळा करून केले. आपल्या इमारतींवर बाहेरून होणाऱ्या आघातांबद्दल आपण बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण आपल्या हातून, 'नूतनीकरण' या नावाखाली जे जाते त्याचा हिशेब कोण ठेवतो? साडेतीन हजारांहून अधिक वास्तू केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत. गावोगावच्या जुन्या मशिदी, दर्गे, बारव, समाधी, वाडे यांतले बहुतेक त्या यादीत नाहीत. त्यांचे भवितव्य विश्वस्त आणि गवंडी यांच्या एका संध्याकाळच्या बैठकीत ठरते.

तिसरा प्रश्न नीतीचा आहे. या शास्त्रात शपथेसारखे पाळले जाणारे काही नियम आहेत. गरजेपेक्षा जास्त करू नका. जे कराल ते शक्यतो पुढच्या पिढीला उलटवता येईल असे करा. केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवा. जुने आणि तुम्ही जोडलेले नवे यांतला फरक लपवू नका. मला हे नियम प्रयोगशाळेबाहेरही उपयोगी वाटतात. आपण चुकू शकतो हे आधीच मान्य करून काम करायला ते शिकवतात. अजिंठ्याचे वार्निश आणि माझे लॅमिनेशन हे दोन्ही या एका नियमाच्या विसराने घडले.

आता हे शिकायचे कुठे? बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवले जाते. लखनऊला १९७६ साली सांस्कृतिक संपत्तीच्या जतनासाठी राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. दिल्लीत १९८९ साली राष्ट्रीय संग्रहालयाची संस्था अभिमत विद्यापीठ म्हणून सुरू झाली आणि तिथे जतनशास्त्र हा पदव्युत्तर विषय झाला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचे सुसज्ज केंद्र आहे. वाटा आहेत, पण मोजक्या. बीड, परभणी, मालेगाव, रत्नागिरीच्या मुलीला बारावीनंतर त्यांचा पत्ता कोण देणार? तिच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचा विद्यार्थी इतिहासाच्या वर्गात जात नाही आणि इतिहासाची विद्यार्थिनी प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडत नाही.

ज्यांना हे क्षेत्र आपले नाही असे वाटते त्यांच्यासाठी एक नाव सांगतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेची सुरुवात १९१७ साली झाली. पुरातत्त्व रसायनतज्ज्ञ म्हणून नेमलेला पहिला माणूस होता मोहम्मद सनाउल्लाह. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये प्रयोगशाळा सुरू झाली, पुढे ती देहरादूनला गेली. मोहेंजोदडोच्या उत्खननात निघालेल्या तांब्याच्या आणि काशाच्या वस्तूंचे रासायनिक पृथक्करण त्यांनी केले. या देशात वारशाच्या विज्ञानाचे दार ज्याने उघडले तो आपल्यातला होता आणि त्याने ते पाच हजार वर्षांपूर्वीच्या, इस्लामच्या कितीतरी आधीच्या संस्कृतीसाठी उघडले. परीक्षानळीला धर्म विचारला जात नाही, एवढे साधे आहे हे.

औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा पाहायला मी विद्यार्थ्यांना नेतो. 'गरिबांचा ताज' म्हणून त्याची थट्टा होते, कारण संगमरवर मोजक्याच जागी आहे आणि बाकी काम चुन्याच्या गिलाव्याचे आहे. मी मुलांना सांगतो, आपल्यासाठी तो गिलावाच खरा धडा आहे. चुना घोटून संगमरवराच्या तोडीचा करणे हे केवढे कसब! प्रवेशद्वारावरच्या लेखात दोन नावे आहेत: वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय. संविधानाच्या कलम ५१-क मध्ये संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन आणि वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास ही दोन्ही नागरिकांची मूलभूत कर्तव्ये म्हणून सांगितली आहेत. त्या दरवाजापाशी ती दोन्ही एकत्र वाचता येतात.

गेल्या वर्षीच्या सहलीत एक मुलगी गिलाव्याकडे पाहत म्हणाली, "सर, माझे अब्बा गवंडी आहेत. ते म्हणतात त्यांचे आजोबा चुन्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालायचे. आता कुणी मागत नाही म्हणून तेही विसरले." वर्गात परतल्यावर आम्ही गूळ घातलेला आणि न घातलेला चुना शेजारी शेजारी ठेवला. साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो, कालवायला सोपा जातो आणि त्याच्या स्फटिकांची घडण बदलते, हे त्या मुलीने स्वतः वाचून वर्गाला समजावले. त्या दिवशी मला आपल्या समाजाची अडचण नेमकी दिसली. हाताचे ज्ञान गवंड्याच्या, रंगाऱ्याच्या, बुकबाइंडरच्या, बिदरी कारागिराच्या घरात आहे आणि तिथली मुले प्रयोगशाळेपर्यंत पोहोचत नाहीत. पुस्तकाचे ज्ञान प्रयोगशाळेत आहे आणि तिथल्या मास्तरांनी चुना कधी हाताने कालवलेला नाही. विद्यापीठात हा विषय आला तर या दोघांची भेट होईल, आणि त्या मुलीसारख्या मुलांना घरचे कसब ओझे वाटणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचा विषय घेण्याची सोय आहे. राज्यातल्या विद्यापीठांनी तिचा उपयोग करून 'वारसा जतनाचे विज्ञान' हा ऐच्छिक विषय विज्ञान आणि कला या दोन्ही शाखांना खुला करावा. त्याला फार महागडी उपकरणे लागत नाहीत. एक सूक्ष्मदर्शक, तापमान आणि आर्द्रता मोजण्याचे साधन, चुना, विटा, हातकागद आणि जवळच्या संग्रहालयाशी करार, एवढ्यावर सुरुवात होते. मशिदी, दर्गे, मंदिरे आणि जुनी वाचनालये यांच्या विश्वस्तांसाठी आणि गवंड्यांसाठी याच विभागांनी मराठी आणि उर्दूतून लहान प्रशिक्षण वर्ग घ्यावेत. आणि वक्फच्या जुन्या वास्तूंची दुरुस्ती जाणकाराच्या लेखी सल्ल्याशिवाय होऊ नये, असा आग्रह आपण समाजातूनच धरावा. त्यासाठी सरकारची वाट पाहायचे कारण नाही.

तोवर तुम्ही काय कराल? घरातली जुनी कागदपत्रे, निकाहनामे, हस्तलिखिते लॅमिनेट करू नका. चिकटपट्टी लावू नका. चांगल्या उजेडात, फ्लॅश न वापरता त्यांचे फोटो काढून ठेवा. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा आणि वर्षातून एकदा उघडून पाहा.

कोकणातल्या मित्रांसाठी आणखी एक. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांत पाणी शिरले आणि हजारो पुस्तके गेली. ओल्या कागदावर दोनेक दिवसांत बुरशी धरू लागते. जे लगेच वाळवता येत नाही ते गोठवून ठेवले तर सावकाश वाळवायला वेळ मिळतो. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात पूर आला तेव्हा चिखलातून ग्रंथ काढायला देशोदेशींचे तरुण धावले आणि त्या अनुभवातून ग्रंथजतनाचे शिक्षण नव्याने उभे राहिले. कोकणात मासळीसाठी शीतगृहे आहेत. पुढच्या पुराआधी ती चालवणाऱ्यांशी बोलून ठेवणारी चार मुले प्रत्येक गावात असली तरी खूप काही वाचेल.

आणि तुमच्यापैकी जो कोणी रसायन, जीवशास्त्र किंवा भौतिकशास्त्र शिकत आहे, त्याने आणि तिने औषध कंपनी व स्पर्धा परीक्षा यांच्या पलीकडे ही तिसरी वाटही पाहावी. नोकऱ्या थोड्या आहेत हे खरे, ते लपवून मी तुम्हाला बोलावणार नाही. पण माणसे त्याहून थोडी आहेत.

आमची सनद आता लॅमिनेशनसकट एका सपाट खोक्यात, कोरड्या जागी ठेवली आहे. आहे त्याहून बिघडू द्यायची नाही, एवढेच सध्या करता येते. एखाद्या दिवशी अक्षरे न उचलता ते प्लास्टिक उतरवण्याची पद्धत कोणाला तरी सापडेल, अशी मला आशा आहे. ती शोधणारी मुलगी आज बारावीत असेल. तिला प्रवेश मिळेल असा विभाग तोपर्यंत आपल्या विद्यापीठात असायला हवा.